हिमाच्छादित सागरातील नौकानयन : ‘सुरक्षित वेग’ या संकल्पनेचा ऐतिहासिक अभ्यास (१९१२ ते २०१७)

प्रस्तावना :

बर्फाने व्यापलेल्या समुद्रातून जहाज किती वेगाने न्यावे, हा प्रश्न वरकरणी केवळ नौकानयनाच्या तंत्राचा वाटतो. प्रत्यक्षात त्याला पदार्थविज्ञान, जहाजबांधणी, आंतरराष्ट्रीय कायदा, व्यापार आणि नैतिक उत्तरदायित्व अशा अनेक बाजू आहेत. एखादे जहाज बुडाल्यानंतर त्याचा वेग अयोग्य होता असे म्हणणे सोपे असते; परंतु तो वेग अयोग्य आहे हे जहाज बुडण्यापूर्वी कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे, हा खरा प्रश्न आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी याचे उत्तर कप्तानाचा अनुभव आणि व्यवसायातील प्रघात यांवर सोपवलेले होते. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेच उत्तर एका निर्देशांकाच्या रूपाने मांडले जाऊ लागले. या दोन टोकांमधील वाटचालीचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती :

१) बर्फातील वेगासंबंधीचे नियम कोणत्या घटनांमधून निर्माण झाले ते पाहणे.
२) ‘सुरक्षित वेग’ या संकल्पनेचा आशय कसा बदलत गेला याचे विश्लेषण करणे.
३) या बदलामुळे उत्तरदायित्वाची कल्पना कशी बदलली याचा शोध घेणे.

अभ्यासाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे. दुर्घटनांच्या चौकशीचे निष्कर्ष, आंतरराष्ट्रीय करार आणि निरनिराळ्या देशांनी केलेली नियमावली यांचा त्यासाठी आधार घेतला आहे. अभ्यासाचा प्रारंभ १९१२ च्या टायटॅनिक दुर्घटनेपासून केला असून १ जानेवारी २०१७ रोजी अमलात आलेल्या ध्रुवीय संहितेपर्यंत तो आणला आहे. त्यानंतरच्या काही घडामोडींचा उल्लेख शेवटी येतो.

प्रश्नाचे स्वरूप :

इतिहासाकडे वळण्यापूर्वी मूळ प्रश्नाची दोन अंगे समजून घेणे आवश्यक आहे. पहिले अंग आघाताचे आहे. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग दुप्पट झाला की बर्फावर आदळताना जहाजाच्या अंगी असलेली ऊर्जा चौपट होते. शिवाय विचार करण्यास मिळणारा वेळ कमी होतो. ताशी २२ नॉट, म्हणजे सुमारे ४१ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जहाजाला अर्ध्या किलोमीटरवर हिमनग दिसला, तर आदळेपर्यंत जेमतेम ४४ सेकंद मिळतात. वेग निम्मा असता तर तीच मुदत दुप्पट झाली असती.

दुसरे अंग अडकण्याचे आहे. सलग बर्फातून पुढे सरकण्यासाठी जहाजाला पुरेशी शक्ती आणि गती लागते. गती संपली की जहाज बर्फाच्या पकडीत सापडते. वारा व प्रवाह यांच्या रेट्याने हिमखंड एकमेकांवर दाबले जाऊ लागले, की स्थिर उभे असलेले जहाजही चिरडले जाऊ शकते. सारांश, बर्फात अतिवेग जितका घातक, तितकाच वेगाचा अभावही घातक ठरू शकतो. म्हणून ‘हळू जा’ हा सल्ला मोकळ्या समुद्रात विखुरलेल्या हिमनगांच्या संदर्भात योग्य असला, तरी गोठलेल्या समुद्रात तो अपुरा पडतो. पुढील शंभर वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी ही दोन अंगे एकत्र आणण्याचा इतिहास आहे.

१९१२ : प्रघाताचा आधार :

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळले. त्या वेळी जहाजाचा वेग सुमारे २२ नॉट होता. त्या दिवशी बर्फाविषयी इशारे देणारे अनेक बिनतारी संदेश जहाजाला मिळाले होते. सुमारे १५०० जीव गेले. ही कथा सर्वपरिचित आहे. परंतु त्याच रात्री त्याच सागरभागात आणखी दोन कप्तानांनी वेगाविषयी घेतलेले निर्णय तितकेच उद्बोधक आहेत.

‘कॅलिफोर्नियन’ या मालवाहू जहाजाचे कप्तान स्टॅन्ली लॉर्ड यांनी समोर बर्फाचे विस्तीर्ण क्षेत्र दिसताच जहाज रात्रभर थांबवून ठेवले. जहाज सुरक्षित राहिले. मात्र त्यावरील एकमेव बिनतारी कर्मचारी झोपी गेला असल्याने टायटॅनिकची हाक तेथे ऐकली गेली नाही. ‘कार्पेथिया’चे कप्तान आर्थर रॉस्ट्रन यांनी ती हाक ऐकताच रात्रीच्या अंधारात, हिमनगांमधून वाट काढत, नेहमीपेक्षा अधिक वेगाने जहाज हाकले. मात्र त्यांनी टेहळणीसाठी जादा माणसे नेमली होती. सातशेहून अधिक लोकांना त्यांनी वाचवले. त्यांच्या स्वतःच्या जहाजावरही शेकडो प्रवासी होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. एकाच रात्रीत एकाने वेग कायम ठेवला, एकाने तो शून्यावर आणला आणि एकाने तो वाढवला. यांपैकी कोणाचा निर्णय योग्य होता, हे सांगणारे कोणतेही मोजमाप त्या काळी अस्तित्वात नव्हते. परिणामांवरूनच पुढे निवाडा झाला.

लॉर्ड मर्सी यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश चौकशीने दुर्घटनेचे कारण अतिवेग हेच मानले. तथापि कप्तान स्मिथ यांच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला नाही. हवा स्वच्छ असताना वेग कमी न करता टेहळणीवर विसंबून राहणे हा अटलांटिक मार्गावरील कप्तानांचा दीर्घकाळचा प्रघात होता, आणि त्या प्रघातानुसार वागणाऱ्या व्यक्तीला दोषी कसे धरावे, अशी चौकशीची भूमिका होती. मात्र पुढे तीच चूक पुन्हा झाली तर ती निष्काळजीपणाच ठरेल, असेही स्पष्ट करण्यात आले. या निर्णयाचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. प्रघात हाच निकष असेल तर सर्वांनी मिळून केलेली चूक ही कोणाचीच चूक उरत नाही, हे त्यातून उघड झाले.

याच चौकशीत ध्रुवीय प्रवासी अर्नेस्ट शॅकल्टन यांची साक्ष झाली. मुळातच मंदगती असलेले आपले जहाजही बर्फाच्या प्रदेशात आपण आणखी हळू चालवत असू, असे त्यांनी सांगितले. शॅकल्टन यांचा सल्ला रास्तच होता. परंतु पुढे त्यांच्याच ‘एन्ड्युरन्स’ जहाजाची वेळ आली तेव्हा संकटाचे दुसरे अंग समोर आले. जानेवारी १९१५ मध्ये हे जहाज अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात अडकले. कित्येक महिने बर्फाबरोबर वाहत राहून, त्याच्या दाबाने चिरडले जाऊन २१ नोव्हेंबर १९१५ रोजी ते बुडाले. टायटॅनिक वेगाने बुडाले होते. ‘एन्ड्युरन्स’ गतिहीनतेने बुडाले.

१९१४ चा करार : अंकाविना नियम :

२० जानेवारी १९१४ रोजी लंडनमध्ये सागरी जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. मार्गावर किंवा मार्गानजीक बर्फ असल्याची सूचना मिळाल्यास कप्तानाने रात्री मध्यम वेगाने जावे अथवा मार्ग बदलून धोक्याच्या क्षेत्रापासून दूर राहावे, असे बंधन त्यात घातले गेले. उत्तर अटलांटिकमधील हिमनगांवर पाळत ठेवणारी आंतरराष्ट्रीय गस्तही याच सुमारास सुरू झाली.

‘मध्यम वेग’ म्हणजे नेमका किती, हे मात्र करारात सांगितले नव्हते. याला दोष देण्यापूर्वी त्यामागील अडचण ध्यानात घ्यावी. एकाच बर्फात एका जहाजाला दहा नॉट सुरक्षित असतील तर दुसऱ्याला चारही धोक्याचे ठरतील. जहाजाची बळकटी आणि बर्फाची जात ही दोन्ही मोजल्याशिवाय अंक देता येत नाही आणि दोन्ही मोजण्याचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. त्यामुळे प्रघाताची जागा नियमाने घेतली, तरी नियमाचा अर्थ लावण्याचे काम पुन्हा कप्तानाकडेच राहिले.

बळकटीवरील विश्वास आणि त्याची मर्यादा :

दरम्यान दुसऱ्या दिशेने प्रयत्न सुरू होते. जहाजच इतके मजबूत बांधावे की बर्फाची भीती उरू नये, हा तो विचार होय. रशियाचे नौसेनानी स्तेपान माकारोव्ह यांच्या कल्पनेतून इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे बांधलेले ‘येर्माक’ हे हिमभंजक, म्हणजे बर्फ फोडणारे जहाज १८९८ मध्ये पाण्यात उतरले. बाल्टिक समुद्रात ते यशस्वी ठरले. मात्र १८९९ च्या उन्हाळ्यात आर्क्टिकमधील जाड बर्फाने त्यालाही इजा केली.

सोव्हिएत राजवटीने सायबेरियाच्या उत्तरेकडील सागरी मार्ग विकसित करण्याचे मनावर घेतल्यावर हा प्रश्न अधिक तीव्र झाला. १९३२ मध्ये ‘सिबिर्याकोव्ह’ने हा मार्ग एकाच मोसमात पार केला, तेही अखेरच्या टप्प्यात पंखा गमावल्यावर शिडांच्या साहाय्याने. पुढच्याच वर्षी ‘चेल्युस्किन’ हे हिमभंजक नसलेले जहाज त्याच मार्गावर पाठवले गेले. ते चुकची समुद्रात अडकले आणि १३ फेब्रुवारी १९३४ रोजी बर्फाच्या दाबाने बुडाले. एकाचा मृत्यू झाला; हिमखंडावर तळ ठोकून राहिलेल्या १०४ जणांची विमानांनी सुटका केली आणि ती मोहीम १३ एप्रिल रोजी पूर्ण झाली. सुटकेचा मोठा गौरव झाला. पण अपुऱ्या बळकटीचे जहाज त्या बर्फात पाठवण्याचा निर्णय कोणत्या मोजमापावर घेतला गेला, हा प्रश्न त्या गौरवात झाकला गेला.

बळकटीवरील विश्वासाला सर्वांत कठोर उत्तर मिळाले ते ३० जानेवारी १९५९ रोजी. बर्फातील प्रवासासाठी दुहेरी तळाचे बांधलेले ‘हान्स हेडटॉफ्ट’ हे डॅनिश जहाज पहिल्याच सफरीवरून परतत असता ग्रीनलंडच्या फेअरवेल भूशिराजवळ हिमनगावर आदळले आणि ९५ जणांसह नाहीसे झाले. कोणीही वाचले नाही. टायटॅनिकनंतर ४७ वर्षांनी, रडारच्या युगात ही घटना घडली. जहाज मजबूत आहे एवढे पुरेसे नसते. ते कोणत्या वेगाला आणि कोणत्या बर्फात मजबूत आहे हे माहीत असावे लागते, हा या घटनेचा धडा होय.

मापनाचा उदय :

१९६० व १९७० च्या दशकांत हे माहीत करून घेण्याचे तीन स्वतंत्र प्रयत्न झाले. तिन्ही ठिकाणच्या गरजा भिन्न असल्याने त्यांची उत्तरेही भिन्न होती.

सोव्हिएत संघात जहाज आणि हिमखंड यांच्या टकरीचे गणित मांडण्यात आले. पोपोव्ह व सहकाऱ्यांचा बर्फातील जहाजांच्या बळकटीवरील ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक सहलेखक खेइसिन यांनी कुर्द्युमोव्ह यांच्यासमवेत १९७६ मध्ये आघाताचे अधिक परिष्कृत प्रारूप मांडले. या परंपरेतून ‘हिम-पारपत्र’ ही कल्पना साकारली. प्रत्येक जहाजासाठी तयार केलेल्या या दस्तऐवजात बर्फाची जाडी व व्याप्ती यांनुसार वेगाचे आलेख दिलेले असतात. यंत्राच्या शक्तीने किती वेग गाठता येईल आणि पत्र्याच्या बळकटीने किती वेग सोसता येईल, या दोन्ही गोष्टी त्यात शेजारी शेजारी येतात. आघात आणि अडकणे ही प्रश्नाची दोन्ही अंगे येथे एकाच कागदावर आली, हे त्याचे वैशिष्ट्य.

फिनलंड व स्वीडन यांची गरज व्यापाराची होती. बाल्टिकमधील त्यांची बंदरे हिवाळ्यात गोठतात आणि सरकारी हिमभंजक जहाजांना मर्यादित काळात अनेक व्यापारी जहाजांना वाट करून द्यावी लागते. १९७१ च्या त्यांच्या संयुक्त नियमावलीत जहाजांचे ‘हिमवर्ग’ ठरवण्यात आले. पुढे या नियमांत एक लक्षणीय अट रूढ झाली. फोडलेल्या बर्फाच्या वाटेतून जहाजाने किमान ५ नॉट वेग राखला पाहिजे, एवढी त्याची यंत्रशक्ती हवी. ‘आयए’ वर्गासाठी त्या वाटेतील बर्फाचा थर १ मीटर, ‘आयबी’साठी ०.८ मीटर आणि ‘आयसी’साठी ०.६ मीटर धरला जातो. १९१४ च्या कराराने वेगाला वरची मर्यादा घातली होती. बाल्टिकच्या नियमाने खालची मर्यादा घातली. मध्येच अडकणारे जहाज स्वतःबरोबर मागच्या जहाजांनाही संकटात टाकते, हा त्यामागील अनुभव होता.

कॅनडाची गरज पर्यावरणाची होती. १९६९ मध्ये ‘मॅनहॅटन’ या तेलवाहू जहाजाने वायव्य मार्गातून प्रवास केल्यावर तेलगळतीची भीती निर्माण झाली आणि १९७० मध्ये आर्क्टिक जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा संमत झाला. १९७२ च्या नियमांनी आर्क्टिक सागराचे १६ विभाग पाडून, कोणत्या वर्गाच्या जहाजाने कोणत्या विभागात कोणत्या तारखांना जावे हे ठरवून दिले. परंतु बर्फ पंचांग पाहून चालत नाही. एखाद्या वर्षी परवानगीच्या तारखेलाही मार्ग बंद असे, तर कधी मनाईच्या तारखेला तो मोकळा असे. म्हणून १९९६ मध्ये प्रत्यक्ष दिसणाऱ्या बर्फावर आधारित पद्धती आणण्यात आली. प्रत्येक प्रकारच्या बर्फाची व्याप्ती दहांशांत मोजून तिला जहाजाच्या वर्गानुसार ठरलेल्या गुणांकाने गुणायचे आणि बेरीज उणे आली तर पुढे जायचे नाही, असे तिचे सूत्र होते.

मापन सुरू झाले म्हणून संकटे थांबली नाहीत. १९८३ च्या ऑक्टोबरात चुकची समुद्रात अकाली बर्फ दाटून अनेक सोव्हिएत जहाजे अडकली आणि ‘निना सगाइदाक’ हे मालवाहू जहाज चिरडून बुडाले. जून १९८९ मध्ये ‘माक्सिम गोर्की’ हे प्रवासी जहाज स्वालबार्डजवळ मोठ्या वेगात हिमखंडांवर आदळले. त्यावरील साडेनऊशेहून अधिक माणसे नॉर्वेच्या तटरक्षक जहाजामुळे वाचली.

ध्रुवीय संहिता आणि जोखीम निर्देशांक :

२३ नोव्हेंबर २००७ रोजी ‘एक्सप्लोरर’ हे पर्यटक जहाज अंटार्क्टिकाजवळील ब्रान्सफील्ड सामुद्रधुनीत बुडाले. सर्व १५४ जण वाचले. चौकशीत असे आढळले, की कप्तान बाल्टिकच्या बर्फात अनुभवी होते. मात्र अंटार्क्टिकातील अधिक कठीण बर्फ त्यांच्या परिचयाचा नव्हता. अनुभव हा निकष मानला तरी तो कोणत्या समुद्राचा अनुभव, हा प्रश्न उरतोच, हे यातून स्पष्ट झाले.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ व २०१५ मध्ये स्वीकारलेली ध्रुवीय संहिता १ जानेवारी २०१७ पासून अमलात आली. ध्रुवीय सागरात जाणाऱ्या जहाजाला प्रमाणपत्र आणि कार्यपुस्तिका बंधनकारक झाली. तिला पूरक म्हणून २०१६ मध्ये ‘पोलारिस’ ही जोखीम मूल्यमापनाची पद्धती मार्गदर्शनपर प्रसृत करण्यात आली. तिच्यात कॅनडाच्या सूत्राचा वारसा स्पष्ट दिसतो.

एका काल्पनिक उदाहरणाने ती समजून घेता येईल. समजा, एखाद्या जहाजासाठी मोकळ्या पाण्याचा गुणांक ३, पातळ बर्फाचा १ आणि जाड बर्फाचा उणे २ आहे. समोरच्या क्षेत्रात मोकळे पाणी ३ दशांश, पातळ बर्फ ४ दशांश व जाड बर्फ ३ दशांश असेल, तर ९ अधिक ४ वजा ६ म्हणजे निर्देशांक ७ येतो. जहाजाने जाण्यास हरकत नाही. तेच प्रमाण १, २ व ७ झाले तर ३ अधिक २ वजा १४, म्हणजे उणे ९ येतात. शून्य ते उणे १० या टप्प्यात ध्रुवीय वर्गाच्या जहाजांना वाढीव जोखीम मानून वेगमर्यादा सुचवली आहे : सर्वोच्च वर्गासाठी ११ नॉट, दुसऱ्यासाठी ८, तिसऱ्या ते पाचव्यासाठी ५ आणि त्याखालील वर्गांसाठी ३ नॉट. १९१४ च्या ‘मध्यम वेगा’ला अंक मिळण्यास अशा रीतीने शंभर वर्षे लागली.

निर्देशांकाच्या मर्यादा :

हा अंक अंतिम सत्य मानण्याचे कारण नाही. गुणाकार यंत्र करते. परंतु समोरचा बर्फ पातळ आहे की जाड, एका वर्षाचा आहे की अनेक वर्षांचा, हे बर्फाच्या नकाशावरून आणि नजरेने माणसालाच ठरवावे लागते. तेथे चूक झाली तर पुढील गणित अचूक असूनही निष्कर्ष चुकतो. ‘एक्सप्लोरर’च्या बाबतीत अशीच चूक झाली होती. शिवाय हवामानबदलामुळे जुने ठोकताळे अविश्वसनीय झाले आहेत. आर्क्टिकचे हिमाच्छादन सप्टेंबर २०१२ मध्ये सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत घटले होते. बर्फ कमी झाल्याने कमी बळकटीची जहाजेही त्या मार्गांकडे वळतात. मात्र नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाच्या उत्तर सागरी मार्गावर बर्फ अपेक्षेपेक्षा लवकर गोठून वीसच्या आसपास जहाजे अडकली. बर्फ घटणे आणि धोका घटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

भारतीय संदर्भ :

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या भाड्याने घेतलेल्या नॉर्वेजियन जहाजातून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. पुढे मैत्री व भारती ही संशोधन केंद्रे उभी राहिली, ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था गोव्यातच वास्को येथे स्थापन झाली आणि २०२२ मध्ये भारतीय अंटार्क्टिक अधिनियम संमत झाला. तसेच जगभरच्या व्यापारी जहाजांवर भारतीय नाविक काम करतात. ध्रुवीय सागरातील अधिकाऱ्यांसाठी विशेष प्रशिक्षणाची आंतरराष्ट्रीय अट १ जुलै २०१८ पासून लागू झाल्याने आपल्या सागरी शिक्षणाचाही या इतिहासाशी थेट संबंध आला आहे.

निष्कर्ष :

१) ‘सुरक्षित वेग’ ही स्थिर संख्या नसून जहाज, बर्फ आणि माहिती यांच्या परस्परसंबंधातून ठरणारी मर्यादा आहे. तिला वरची आणि खालची अशी दोन टोके आहेत.

२) प्रघात, अंकाविना नियम, जहाजनिहाय आलेख, विभाग व तारखा, प्रत्यक्ष बर्फावरील सूत्र आणि आंतरराष्ट्रीय निर्देशांक असा या संकल्पनेचा प्रवास झाला. त्यातील महत्त्वाची वळणे बहुधा दुर्घटना किंवा दुर्घटनेचे भय यांनंतरच आली.

३) मापनाचे सर्वांत मोठे योगदान उत्तरदायित्वाच्या क्षेत्रात आहे. १९१२ मध्ये प्रघाताच्या आड सर्वच निर्दोष ठरू शकले. निर्देशांक लिहून ठेवल्यावर तो ओलांडण्याचा निर्णय कोणी घेतला, हे विचारता येते. वेळापत्रकाचा आग्रह धरणाऱ्या मालकालाही त्या प्रश्नापासून अलिप्त राहता येत नाही, आणि अयोग्य दबाव नाकारणाऱ्या कप्तानाच्या हाती एक लेखी आधार येतो.

४) तथापि निर्देशांक कप्तानाच्या विवेकाची जागा घेऊ शकत नाही. त्या रात्री रॉस्ट्रन यांनी पत्करलेली जोखीम कोणत्याही सूत्राने त्यांना सांगितली नव्हती. ती त्यांनी डोळे उघडे ठेवून, टेहळणी वाढवून आणि कशासाठी धोका पत्करतो आहोत याचे भान ठेवून पत्करली होती. धोका किती आहे हे सूत्र सांगते. तो कशासाठी पत्करावा याचे उत्तर मात्र माणसालाच द्यावे लागते.